उत्तर: ई-स्कूटर, कोळसा आणि एका युनिटचं वजन

तुमचा प्रश्न असा की ई-स्कूटर घेतली, आणि सासरे म्हणतात, "वीज कोळशाचीच, मग पेट्रोलनं काय घोडं मारलं होतं?" शिवाय वीज केंद्रावरून जाताना नुसती पांढरी वाफ दिसते, तर हरितगृह वायू नेमका निघतो कुठून? विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात माझी सगळी नोकरी बॉयलर विभागात गेली, म्हणून जरा लांबण लावतो. सासऱ्यांचं निम्मं बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पांढरी वाफ दिसते ती चिमणीची नव्हे. शेजारी जे बुटके, कमरेत बारीक कूलिंग टॉवर असतात, त्यांची ती पाण्याची वाफ. चिमणीतून जे जातं ते फारसं दिसतच नाही, कारण राख ईएसपीत, म्हणजे धुरातली राख विजेच्या भारानं पकडणाऱ्या यंत्रात, अडकते. कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास, आणि ईएसपी त्याला अडवत नाही. चिमणी अगदी स्वच्छ दिसत असते तेव्हाही तो पूर्ण भरात बाहेर पडत असतो.

किती? ५०० मेगावॅटचा एक संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर मिळून एक) पूर्ण लोडवर तासाला ५ लाख युनिट वीज देतो. आपल्याकडचा कोळसा राखेचा, शंभर किलोत ३५-४० किलो राखच. त्यामुळे एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे तासाला सव्वातीनशे टन आणि दिवसाला पावणेआठ हजार टन, म्हणजे मालगाडीचे दोन रेक, अर्थात दोन पूर्ण गाड्या, रिकाम्या. (पावसाळ्यात ओला कोळसा वाघिणीतून सुटत नाही, तेव्हा त्या दोन रेकचे किती तास होतात ते सीएचपीवाल्यांना, म्हणजे कोळसा उतरवणाऱ्या विभागाला, विचारा.) याच संचातून दिवसाला जवळजवळ ११ हजार टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

इथे नवीन आलेली पोरं हमखास अडायची: आत आठ हजार टन आणि बाहेर अकरा हजार, वर राख वेगळीच, हे कसं? वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. १२ किलो कार्बन जळताना ३२ किलो ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ किलो वायू होतो. पेट्रोलचंही तसंच. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण ते जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो.

आता पुन्हा कूलिंग टॉवरकडे या. एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी ऊर्जा असते, आणि ती मिळवायला आम्ही जाळायचो २,४०० ते २,५००. पैकी थोडी चिमणीवाटे जाते, पण मोठा वाटा टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचं कंडेन्सरमध्ये पाणी करताना जातो. ती उष्णता टॉवरवरून हवेत सोडावी लागते. म्हणजे ती पांढरी वाफ निरुपद्रवी खरी, पण दोन रेकपैकी एक रेक तिच्यातच जातो म्हणा ना. कोराडीचे ६६० मेगावॅटचे सुपरक्रिटिकल (जास्त दाबाच्या, जास्त तापलेल्या वाफेवर चालणारे) संच यात काही टक्के वाचवतात. नैसर्गिक वायूचं कम्बाइंड सायकल केंद्र (गॅस टर्बाइनच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पुन्हा वाफेचं टर्बाइन चालवणारं) युनिटमागे साधारण ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडवर भागवतं, कोळशाच्या निम्म्याहून कमी. पण विहिरीपासून पाइपलाइनपर्यंत कुठे मिथेन गळला तर हा फायदा आटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २५-३० पट तापवतो.

निव्वळ कोळशाच्या विजेला युनिटमागे सुमारे ९५० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो. पण तुमच्या घरी येणारी वीज मिसळीची आहे: चंद्रपूरचा कोळसा, कोयनेचं पाणी, तारापूरची अणुवीज, पवनचक्क्या, सौर. देशाच्या ग्रिडची, म्हणजे सगळी केंद्रं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याची, सरासरी युनिटला सुमारे ७०० ग्रॅम आहे. जून २०२५ अखेर देशातली निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून बाकीची) झाली, त्याच्या बातम्या आल्या होत्या. ते खरंच आहे, पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. सौर पॅनेल रात्री झोपतं, कोळशाचा संच जागतो. त्यामुळे आजही चारातली जवळपास तीन युनिटं कोळशाचीच.

आता तुमची स्कूटर. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ धरली तर किलोमीटरला ५० ग्रॅम. ई-स्कूटर एका युनिटमध्ये ३० किलोमीटर जाते असं धरू. तारांमधली गळती मिळवली की ७०० ग्रॅमचे सव्वाआठशे होतात, म्हणजे किलोमीटरला २७-२८. सगळी वीज कोळशाची मानली तरी ३७-३८ पडतात, म्हणजे सासऱ्यांच्या अटीवरही तुम्हीच जिंकता. कारण साधं आहे: पेट्रोलचं इंजिन आमच्या बॉयलर-टर्बाइनपेक्षाही उधळं. बॅटरी बनवतानाचा वायू यात धरलेला नाही आणि रिफायनरीतलाही नाही.

पण सासरे जिथे जिंकतील ती जागाही सांगतो, स्वयंपाकघर. १४.२ किलोचं एक सिलिंडर जळलं की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर केला तर १३० युनिटं लागतात, म्हणजे आजच्या ग्रिडवर ९० किलोच्या पुढे. तीच गोष्ट गीझरची. अंघोळीची एक बादली म्हणजे जवळजवळ अर्धं युनिट. कोळसा जाळून पाणी उकळायचं, त्यातली दोन तृतीयांश उष्णता फेकायची, उरलेली तारेतून आणून पुन्हा पाणीच तापवायचं, याचं मला नोकरीत असल्यापासून हसू येतं. गच्चीवर जागा असेल तर सौर बंब बसवा. इंडक्शन मात्र काढून टाकू नका, ग्रिड दरवर्षी बदलतंय.

राहता राहिलं चार्जिंग कधी करायचं. भर दुपारी सौर वीज जोरात असते, तेव्हा कळव्याच्या भारप्रेषण केंद्रातून (कोणत्या केंद्रानं किती वीज द्यायची ते ठरवतं ते) "लोड उतरवा" असा निरोप यायचा. कोळशाचा संच साधारण ५५ टक्क्यांपर्यंतच खाली आणता येतो, आणि तिथे तो युनिटमागे जास्त कोळसा खातो. संध्याकाळी सूर्य कलला की तेच संच पुन्हा वर चढवायचे, कोयना सोडायची. तुमच्यासारखे बहुतेक जण कामावरून येऊन सात वाजता प्लग लावतात, नेमके त्याच घाईत. ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मिळत असेल तर जेवणाच्या सुट्टीत तिथेच लावून टाका.