अँटिबायोटिक्स पाठ करण्याआधी

औषधांच्या नावांची यादी घोकत बसू नकोस. परीक्षा संपली की ती विसरायला होते. प्रत्येक गटाबद्दल आधी एकच बघ: हे औषध जिवाणूच्या नेमक्या कोणत्या भागावर घाव घालतं? पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन पेशीभित्तिका बांधू देत नाहीत. मायकोप्लाझ्मा या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून तिथे ही औषधं निरुपयोगी; डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिनसारखं रायबोसोमवर (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या भागावर) काम करणारं औषध लागतं. जेंटामायसिनला पेशीत शिरायला ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, त्यामुळे अनएरोब्जवर (ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंवर) ते चालत नाही. कारण कळलं की अपवाद वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

मग डोसकडे ये. हा भाग बरेच जण घाईत उरकतात, आणि मला तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पेनिसिलिनचा गुण त्याची रक्तातली पातळी एमआयसीच्या (जिवाणूची वाढ रोखणाऱ्या किमान पातळीच्या) वर किती वेळ टिकते यावर ठरतो, म्हणून ते दिवसातून अनेकदा द्यावं लागतं. जेंटामायसिनचं उलट: पातळीचं टोक जितकं उंच तितका मारा जोरदार, म्हणून बऱ्याच रुग्णांत २४ तासांतून एकच मोठा डोस. पण ते किडनीवाटे बाहेर पडतं आणि किडनीलाच इजा करू शकतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय हे दाखवणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय पुढचे डोस लिहायचे नाहीत, ही सवय आत्ताच लाव.

हाफ-लाइफ, म्हणजे औषधाची रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, हेही इथेच समजून घे. ठरावीक डोस चालू ठेवला की साधारण ४ ते ५ हाफ-लाइफनंतर पातळी स्थिरावते. गंभीर रुग्णात तेवढं थांबणं परवडत नाही, म्हणून व्हँकोमायसिनचा लोडिंग डोस (सुरुवातीलाच एक मोठा डोस) देतात.