लांब दुर्बीण आखूड करता येईल का?

प्रश्न : मी घरीच आठ इंची आरसा घासून दुर्बीण केली. नाभीय अंतर १६०० मिलिमीटर, म्हणून नळी जवळपास माझ्याच उंचीची. स्कूटरवरून गावाबाहेर नेता येत नाही. मित्राच्या विकतच्या आठ इंची दुर्बिणीचं नाभीय अंतर २००० मिलिमीटर, पण नळी दीड फुटाच्या आत. मला तशी करता येईल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मित्राच्या नळीत प्रकाशाला घडी घातलेली आहे. मागच्या अंतर्गोल आरशाचं नाभीय अंतर जेमतेम ४०० मिलिमीटर. समोरचा छोटा बहिर्गोल आरसा ते पाचपट वाढवतो आणि किरण मोठ्या आरशाच्या मधल्या भोकातून मागे पाठवतो. ही रचना १६७२ साली कॅसेग्रेनच्या नावाने फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाली. फोनच्या पेरिस्कोप कॅमेऱ्यातही घडीच असते. तिथे प्रिझम किरण काटकोनात वळवतं आणि भिंगं फोनच्या आत आडवी बसतात.

आता घासणाऱ्याच्या बाजूने बघा. तुमचा आरसा मध्यभागी दीड मिलिमीटर खोल असेल. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचा सहा मिलिमीटरच्या वर जातो. तेवढी काच मेहनतीने निघेल. पण गोलाचा परवलय (दूरचे सगळे किरण एका बिंदूत आणणारा आकार) करताना कडेला जो फरक साधायचा, तो ६४ पट होतो. मी एकदा ८०० मिलिमीटर नाभीय अंतराचा आठ इंची आरसा घासायला घेतला होता. तिथे हा फरक तुमच्या आठपटच, तरी सहा महिने गेले. आकार तपासायला रोज रात्री दिव्यासमोर सुरीची धार धरून आरशावरची सावली बघायची. मधला भाग जमला की कड उतरलेली दिसायची. परत पिच (डांबरासारखा थर), परत सिरियम ऑक्साइड (पॉलिशची पूड). त्या आरशातून गुरूचे पट्टे आजही पुसटच दिसतात.

शिवाय त्या आखूड नळीत मोठा आरसा १ मिलिमीटर सरकला, तर प्रतिमा अडीच सेंटिमीटर सरकते. घरच्या सुतारकामाला हे झेपत नाही.

म्हणून आरसा आहे तोच ठेवा, नळी काढून टाका. खाली आरशाची पेटी, वर नेत्रिकेचं (डोळा लावायच्या भिंगाचं) कडं आणि मध्ये ॲल्युमिनियमचे आठ पाइप. प्रत्येक पाइप दोन तुकड्यांत करा, जोडाला आतून घट्ट बसणारी नळी घाला आणि तुकड्यांवर रंगाने आकडे टाका, अंधारात शोधाशोध होत नाही. दर वेळी जोडल्यावर आरसे जुळवावे लागतील. तुमच्या लांब नाभीच्या आरशाला पाच मिनिटं पुरतात.