डोंग्याला बॅटरीची मोटार: आधी बॅटरीचा हिशेब

प्रश्न: भाऊ, आम्ही इटियाडोहच्या काठचे ढिवर. माझी सोळा फुटी फायबरची नाव आहे, मागची बाजू सपाट. मी आणि लहान भाऊ जातो, जाळी तीन किलोमीटरवर असतात. वारा सुटला की परत येताना वल्हवून खांदे भरून येतात. इंजिनाचं तेल परवडत नाही. मोबाइलवर १२ व्होल्टच्या मोटारी दिसतात, ३०, ४५, ५५ पाउंड असं लिहिलेलं असतं. कोणती घेऊ? घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी चालेल का? आणि बसवायची कशी?
– एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर: भाऊ, तुम्ही मोटारीपासून सुरुवात केली, सगळेच करतात. मी म्हणेन, आधी बॅटरी ठरवा. मोटार बिघडली तर दुरुस्त होते. बॅटरी चुकीची घेतली तर दोन हंगामांत बसते आणि मग मोटार घरात खुंटीला टांगलेली राहते. पवनीत माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे, अशा टांगलेल्या मोटारी विकायला आलेल्या मी पाहतो आणि वाईट वाटतं, कारण त्यांत खोट काहीच नसते.

पाउंड म्हणजे मोटारीचा रेटा. ढोबळ हिशेब असा की दर ४५ किलो वजनाला दोन पाउंड. तुमची नाव, दोन माणसं, जाळी, मासळी, बॅटरी मिळून चारशे किलोच्या आत. म्हणजे शांत पाण्यात अठरा पाउंडही पुरतील. पण इटियाडोहचं पाणी मोकळं आहे, वारा अडवायला काही नाही. म्हणून ५५ पाउंडची घ्या आणि रोज तिसऱ्या गिअरवर चालवा. पाचव्यावर ती ५० अँपिअर खाते, तिसऱ्यावर २० ते २५, आणि वेगातला फरक मात्र त्या मानाने थोडा. ताशी चार-साडेचार किलोमीटर मिळतील. यापेक्षा जास्त वेगाची आशा कोणी दाखवली तर विश्वास ठेवू नका.

आता इन्व्हर्टरची बॅटरी. तिच्यावरचे १५० अँपिअर-अवर हे वीस तास हळूहळू, म्हणजे साडेसात अँपिअरने वापरल्यावरचे. ५० अँपिअरने ओढली तर शंभराच्या आसपासच हाती येतात. त्यातही निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. राहिला पूर्ण वेगाचा एक तास. वजन पन्नास किलोच्या वर. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की गाळातून ती घरापर्यंत कोण वाहणार? शिवाय रात्री घरातला पंखा बंद.

म्हणून पैसे साठवून लिथियम आयर्न फॉस्फेटची १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची घ्या. वजन दहा-तेरा किलो, सायकलच्या कॅरिअरवर येते. तिच्यातले ऐंशी-नव्वद टक्के निर्धास्त वापरता येतात. तुमचं सहा किलोमीटरचं जाणं-येणं तिसऱ्या गिअरवर चाळीस अँपिअर-अवरच्या आत बसतं, वाऱ्यासाठी तेवढंच शिल्लक राहतं. घेताना आतल्या बीएमएसची, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटची क्षमता विचारा, सलग १०० अँपिअर हवी. चार्जर लिथियमचाच, १४.६ व्होल्टचा. पूर्ण चार्जला दीड युनिट वीज लागते.

बसवताना मागच्या फळीवर दोन इंची सागवानाचा तुकडा आतून-बाहेरून स्टीलच्या नटबोल्टने आवळा, नुसत्या फायबरवर क्लॅम्प लावला तर फायबर चिरतं. मोटारीच्या पंख्याचं टोक पाण्याखाली निदान वीतभर हवं, ते रिकाम्या नावेत मोजा. क्लॅम्प कितीही घट्ट असला तरी थरथरीने सैल होतो, म्हणून मोटारीला दोर बांधून तो नावेला अडकवा. बॅटरी मधोमध, झाकणाच्या डब्यात. वायर १६ एमएमची तांब्याची. घरगुती अडीच एमएमची वायर तीन मीटर नेली तर पूर्ण वेगाला दोन व्होल्ट वाटेतच जातात आणि वायर तापते. बॅटरीजवळच ६० अँपिअरचा डीसी, म्हणजे बॅटरीच्या विजेचा ब्रेकर. घरातला एमसीबी लावू नका, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. माझ्याकडे पाणी शिरलेली मोटार आली की मी आधी पंख्याचा नट काढतो, पिन ओढतो, पंखा उतरवतो. मागे दांड्याला तंगूस गुंडाळलेला असतो, इतका घट्ट की ब्लेडने कापावा लागतो. त्याच्याखाली रबरी सील कापलेलं. डबी उघडली की तांबूस पाणी बाहेर येतं आणि आतले कार्बन ब्रश जागच्या जागी गंजून अडकलेले. मोटार पाण्याने मरत नाही, जाळ्याच्या त्या एका धाग्याने मरते. तुम्ही तर रोज जाळ्यातच फिरणार. जाळ्यापासून दहा हात आधी मोटार बंद करून वर उचला, जाळं वल्ह्यानेच काढा. आठवड्यातून एकदा पंखा उतरवून मागे बघा. जादा पिन आणि नट डब्यात ठेवा, वल्हं नावेतून कधी काढू नका.

घेण्याआधी मच्छीमार संस्थेत आणि पाटबंधारे शाखेत विचारा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदान असतं. योजना सध्या चालू आहे का आणि तुमची नाव-मोटार कोणत्या घटकात बसते ते गोंदियाच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कोटेशन दाखवून विचारा, आणि पूर्वसंमती मिळेपर्यंत खरेदी करू नका.

प्रश्न: दादा, गोसेखुर्दच्या फुगवट्यात जलपर्णी फार. तिथे ही मोटार चालेल का?
– एक भगिनी, ता. पवनी, जि. भंडारा

उत्तर: ताई, दाट थरात नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, त्यावर ही जलपर्णी पोसते. तिची मुळं पंख्यात गेली की मोटार अडते आणि बॅटरी भराभर उतरते. थर आला की मोटार वर उचला, बांबूने नाव रेटा, मोकळ्या पाण्यात पुन्हा खाली सोडा. कडेला थोडी अडकली तर दोन क्षण उलट फिरवा, बहुतेक सुटते. नाही सुटली तर बॅटरीची वायर काढा आणि मगच पंख्याला हात लावा. मुलं सोबत असतील तर हे त्यांनाही शिकवा.

प्रश्न: ई-रिक्षाची जुनी मोटार दांडा जोडून लावली तर?
– एक वाचक, ता. साकोली

उत्तर: नका लावू. ती पाण्यासाठी बांधलेली नसते, ४८ व्होल्टसाठी लागणाऱ्या चार बॅटऱ्यांचं वजन छोट्या डोंग्याला जड होतं, आणि उघडा फिरता दांडा पायाजवळ ठेवून जाळं ओढणं जिवावरचं आहे. तीच मोटार विकून जे येतील त्यात लाइफ जॅकेट घ्या.