केळीच्या टिश्यूकल्चर प्रयोगशाळेत सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन काढता येईल का?

आपली रावेरला केळीची टिश्यूकल्चर प्रयोगशाळा आहे आणि त्याच सामग्रीत सदाफुलीच्या पेशी वाढवून व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरचे औषध मिळेल का, असे आपण विचारले आहे. मिळणार नाही. केळीत कॅलस (पेशींचा आकारहीन गोळा) दिसला की आपण ती बाटली फेकता, कारण आपल्याला एकसारखी रोपे हवी असतात. येथे मात्र नेमका तोच कॅलस वाढवायचा असतो, त्यामुळे केळीचा अनुभव निर्जंतुकीकरणापलीकडे फारसा उपयोगी पडत नाही.

हे मी एम.एस्सी.ची दोन वर्षे घालवून शिकलो आहे. २००५ साली जळगावात मी अंगणातील सदाफुलीच्या पानांपासून कॅलस धरवला. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना भारनियमनामुळे कल्चर रूम तापत असे आणि निम्म्या बाटल्यांना बुरशी लागत असे. तरीही उरलेल्या पेशी शेकरवर उत्तम वाढल्या. एचपीएलसीच्या (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीच्या) आलेखात सदाफुलीतील दुसऱ्याच एका द्रव्याचे, म्हणजे अ‍ॅजमॅलिसिनचे शिखर ठळक आले, कॅथरॅन्थिनचे बारीकसे आले आणि व्हिन्ब्लास्टिन-व्हिन्क्रिस्टिनच्या जागी सरळ रेघ उमटली. आमच्या सरांनी सर्वांसमक्ष माझ्या हाताला कसब नसल्याचे सुनावले आणि पुढचे सहा महिने मला संप्रेरकांच्या मात्रा बदलत बसवले.

दोष हाताचा नव्हता. व्हिन्क्रिस्टिन हे व्हिन्ब्लास्टिनपासून बनते, व्हिन्ब्लास्टिन हे कॅथरॅन्थिन आणि विंडोलिन यांच्या जोडणीतून बनते, आणि विंडोलिनचे अखेरचे टप्पे पानातील काही विशिष्ट पेशींतच पार पडतात. कॅलसमध्ये त्या पेशीच नसतात. हे १९९९ सालीच छापून आले होते, सरांनी ते वाचले नव्हते इतकेच. यू या सूचिपर्णी वृक्षाच्या पेशींना मात्र पान होण्याची गरज नसते. मिथाइल जास्मोनेट हे वनस्पतींतील संकेतद्रव्य दिल्यावर त्या टँकमध्येही टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध भरपूर बनवतात, आणि जर्मनीत त्यासाठी ७५,००० लिटरपर्यंतचे टँक वापरले जातात. म्हणजे पद्धत खरी होती, वनस्पती चुकीची निवडली होती, आणि ती निवड माझी नव्हती.

पानेदार फुटव्यांच्या कल्चरमध्ये व्हिन्ब्लास्टिन आढळल्याचे निबंध आहेत, हे मान्य करायला हवे. २०२२ साली यीस्टमध्ये जनुके घालून दोन्ही घटक तयार करण्यात आले आणि नंतर ते रासायनिक रीतीने जोडण्यात आले. परंतु शेतातील वाळलेल्या पानांशी आपल्या बाटल्या भावात टिकणार नाहीत, शिवाय औषधनिर्मितीचा परवाना हा निराळाच विषय आहे. तरीही प्रयोग करायचाच असेल, तर आधी विंडोलिनचे शिखर तपासा. ते नसेल तर संप्रेरके बदलण्यात सहा महिने घालवू नका, मग सांगणारा कितीही मोठा असो.