पश्चिम घाटाच्या यादीत गाव का आले, हे विचारण्याची पद्धत

तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या जुन्या फाइलीची आठवण झाली. तुमचे गाव पश्चिम घाट पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचनेतील यादीत आहे, ग्रामपंचायतीने हरकत पाठवली आहे, परंतु गाव कोणत्या निकषावर घेतले हे कोणीही सांगत नाही आणि माहिती अधिकाराच्या अर्जाला ‘माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ एवढेच उत्तर आले, असे तुम्ही लिहिले आहे. २०१८ च्या मसुद्याच्या वेळी मला अगदी हेच उत्तर मिळाले होते. मी वकील नाही. पुढचे सर्व अनुभवातून लिहीत आहे, त्यामुळे कलमे आणि मुदती स्वतः ताडून घ्याव्यात.

संवेदनशील क्षेत्र हवे की नको, या वादात मी येथे शिरणार नाही. खाणींना आळा बसावा असे मला वाटते, शेजाऱ्याला वाटत नाही, आणि दोघांनाही आपल्या गावाचा आकडा माहीत नाही, हे खरे दुखणे आहे. आपल्याकडे या विषयाची सुरुवातच झाकपाकीने झाली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, पण तो लोकांना मे २०१२ पर्यंत पाहायला मिळाला नाही. केरळमधील एका अर्जदाराने तो माहिती अधिकारात मागितला, तेव्हा देशाच्या वैज्ञानिक व आर्थिक हिताला बाधा येईल या कारणाखाली नकार देण्यात आला. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो खुला करण्याचा आदेश दिला, केंद्रीय पर्यावरण मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तेथे हरल्यावरच अहवाल संकेतस्थळावर आला. मधल्या महिन्यांत ‘घराला वीटही लावता येणार नाही’ यासारख्या अफवांनी जी मुळे धरली, ती आजही उपटली गेलेली नाहीत. प्रत्यक्षात मसुद्यात खाणकाम, दगडखाणी व वाळूउपसा, लाल श्रेणीतील (सर्वाधिक प्रदूषणकारी) नवे उद्योग, नवे औष्णिक वीज प्रकल्प आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे यांवर बंदी प्रस्तावित आहे. राहत्या घराच्या दुरुस्तीवर किंवा विस्तारावर बंधन नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हरकत लिहिण्याआधी मसुद्याचा हा भाग ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. अर्ध्या हरकती तेथेच गळून पडतात, आणि उरतात त्या वजनदार असतात.

आता मूळ मुद्दा. सध्याची यादी गाडगीळ अहवालावर नव्हे, तर कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाच्या २०१३ च्या अहवालावर बेतलेली आहे. त्या गटाने उपग्रह प्रतिमांवरून पश्चिम घाटाची ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ अशा दोन प्रकारच्या भूदृश्यांत विभागणी केली. शेती, वस्ती आणि लागवड दुसऱ्या प्रकारात गेली. नैसर्गिक भागातील जैविक समृद्धी, जंगलाचे अखंडपण आणि लोकवस्तीची घनता पाहून संवेदनशील क्षेत्र आखले गेले आणि ज्या गावाचे २० टक्के किंवा अधिक क्षेत्र त्यात येते, ते संपूर्ण गाव यादीत घेतले गेले. म्हणजे तुमच्या गावाविषयीचा निर्णय एका टक्केवारीवर उभा आहे. अधिसूचनेसोबतच्या यादीत जिल्हा, तालुका आणि गावाचे नाव मिळते, परंतु ही टक्केवारी मिळत नाही. सहा राज्यांचे मिळून सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर आणि त्यातील महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर, असे एकूण आकडे छापले जातात. ज्याच्यावर नियम लागू होणार, त्याला मात्र स्वतःच्या गावाचा आकडा शोधत फिरावे लागते.

मीही तसाच फिरलो. त्या कार्यालयाचे नाव लिहीत नाही, लिहून काही साधणारही नाही. मी विचारले होते की आमच्या गावाचे किती टक्के क्षेत्र संवेदनशील ठरले आणि त्यासाठी गावाचे एकूण क्षेत्र किती धरले. उत्तर आले तीन ओळींचे, आणि त्यात दिलेल्या दुव्यावर उघडली ती तीच प्रारूप अधिसूचना, जी वाचून मला प्रश्न पडला होता. मी प्रथम अपील केले. सुनावणीत सांगण्यात आले की गणित दुसऱ्या कार्यालयाकडे आहे. त्या दुसऱ्या कार्यालयाने कळवले की आम्ही फक्त नकाशे पुरवले, यादी ‘वरून’ अंतिम झाली. ज्या अर्जाविषयी असे म्हणायचे, तो माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) अन्वये पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणे बंधनकारक असते, याची आठवण करून दिल्यावर संबंधितांनी ऐकून घेतले आणि चहा मागवला. मनस्ताप याचा नाही. सुनावणीच्या वेळी समोरच्या टेबलावर तालुक्याचा तक्ता उघडा पडलेला होता. गावाचे नाव, जनगणना संकेतांक, क्षेत्र, टक्केवारी असे रकाने मला उलट्या बाजूनेही वाचता येत होते. माझी नजर तेथे गेल्याचे लक्षात येताच तो कागद पालथा करण्यात आला आणि हा ‘अंतर्गत कामकाजाचा’ तक्ता आहे असे सांगण्यात आले. ‘अंतर्गत कामकाज’ नावाची सूट कायद्याच्या कलम ८ मध्ये कोठेही नाही.

तक्ता अखेर मिळाला, पण हरकतींची मुदत उलटून गेल्यावर. आमच्या तालुक्यात एकाच नावाची दोन महसुली गावे आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक. तक्त्यात आमच्या गावासमोर जे क्षेत्र होते, ते आमच्या महसुली अभिलेखाशी जुळत नव्हते. शेजारच्या गावाच्या वनजमिनीचा एक मोठा तुकडा आमच्या नावावर धरलेला दिसत होता. एवढी एक ओळ वेळेत हाती असती, तर ग्रामसभेचा ठराव चार पानांच्या भावनिक निवेदनाऐवजी अर्ध्या पानाचा झाला असता. आमच्या गावात खरोखर २० टक्के जंगल भरते की नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. भरत असेल तर यादीत राहावे, माझे काही म्हणणे नाही. मात्र ते मोजून सांगितले पाहिजे.

यातून जी गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, ती अशी: हरकतींसाठी ६० दिवस असतात आणि माहिती अधिकाराच्या उत्तरासाठी ३० दिवस. पहिले उत्तर टोलवाटोलवीचे आले आणि प्रथम अपिलाचे ३० ते ४५ दिवस धरले, की मुदत संपलीच. ही रचना कोणी मुद्दाम केली असे मी म्हणत नाही, परंतु टाळाटाळ करणाऱ्या कार्यालयाला ती फार सोयीची आहे. त्यामुळे मसुदा निघण्याची वाट पाहू नका. २०१४ पासून २०२४ पर्यंत या अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले, महाराष्ट्राचा एकूण आकडा बदलला नाही, आणि मुदतीत अंतिम न झालेला मसुदा जाऊन नवा आला, की हरकतींचे दार पुन्हा उघडते. मला उशिरा मिळालेला तक्ता २०२२ च्या मसुद्याच्या वेळी उपयोगी पडला. माहिती दोन मसुद्यांच्या मधल्या काळात मागायची असते, कारण तेव्हा कार्यालयावर दबाव नसतो आणि कागद शोधायला माणूस मोकळा असतो.

अर्जात ‘आमचे गाव का घेतले’ असे विचारू नका. ‘का’ हा शब्द दिसला की मत अथवा कारणमीमांसा देणे बंधनकारक नाही, असे उत्तर ठरलेले असते. अभिलेख मागा: गावाच्या जनगणना संकेतांकासमोरील क्षेत्र, नैसर्गिक भूदृश्याची टक्केवारी, वापरलेल्या उपग्रह प्रतिमांचे वर्ष, आणि जागेवर पडताळणी झाली असल्यास तिच्या पंचनाम्याची प्रत. संकेतांक लिहायला विसरू नका, कारण इंग्रजी यादीतील गावाच्या नावाचे स्पेलिंग आणि सातबाऱ्यावरचे नाव यांत पुष्कळदा मेळ नसतो, आणि वाड्या तर यादीत स्वतंत्रपणे नसतातच. तुमच्याकडे काजूची किंवा आंब्याची जुनी दाट लागवड असेल, तर ती कोणत्या वर्गात धरली हेही विचारा. राज्य शासनाच्या कार्यालयाकडे अर्ज करताना १५० शब्द आणि एकच विषय ही मर्यादा पाळा, नाहीतर त्याच कारणाने अर्ज परत येईल. केंद्राकडील अर्जाला ५०० शब्दांची मुभा आहे.

अर्जाबरोबरच अभिलेख निरीक्षणाची मागणी करा. माझ्या मते ही सर्वांत दुर्लक्षित सोय आहे. जिल्हास्तरीय व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. तो सर्वत्र पाळला जातो असे नाही, पण शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवून गेलात तर बोलण्याचा सूर बदलतो. फाइल समोर आली की आधी टिपण्या वाचा, नकाशे नंतर. खरी माहिती बहुधा टिपणीच्या समासात असते.

हरकतीच्या मजकुराविषयी माझे मत थोडे कडक आहे. एकाच छापील नमुन्यावर पाचशे सह्या गोळा करण्यात वेळ घालवू नये. असे गठ्ठे एकच मुद्दा म्हणून नोंदवले जाण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी हरकतीतच माहिती मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ग) नुसार लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना वा निर्णय जाहीर करताना संबंधित सर्व तथ्ये स्वतःहून प्रसिद्ध करणे शासनाचे कर्तव्य आहे. हे कलम उद्धृत करून, गावनिहाय टक्केवारी प्रसिद्ध न झाल्यामुळे अर्थपूर्ण हरकत घेता येत नाही, असे नोंदवा आणि ती प्रसिद्ध झाल्यानंतर नव्याने मुदत मागा. केंद्राच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात मसुद्यासोबत सोप्या भाषेतील स्पष्टीकरण, उपजीविकेवरील परिणामांची माहिती आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा प्रसिद्ध करावा असे म्हटले आहे. ते धोरण आहे, कायदा नव्हे, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नका. उल्लेख मात्र करा.

भाषेचा मुद्दाही सोडू नका. राजपत्र हिंदी व इंग्रजीत निघते. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने हरकतींची मुदत वाढवली आणि मसुदा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करण्यास सांगितले होते. त्या आदेशाचा दाखला देऊन मराठी प्रत मागता येते.

सरकारी यंत्रणेला हे जमणारच नाही, असे कोणी म्हणाले तर त्यांना दूरसंचार नियामक प्राधिकरणाची पद्धत दाखवा. तेथे आधी सल्लापत्र निघते, आलेली मते व त्यांवरील प्रतिवाद संकेतस्थळावर लागतात आणि खुली चर्चा होते, कारण कामकाजात पारदर्शकता राखण्याचे बंधन त्यांच्या कायद्यातच आहे. एवढे असूनही, कॉल तुटल्यास ग्राहकाला एक रुपया भरपाई देण्याचा त्यांचा विनियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला, आणि त्या निकालात नियम करण्याआधी लोकांना तथ्ये देऊन त्यांचे म्हणणे ऐकण्याविषयी संसदेने सर्वसाधारण कायदा करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. असा कायदा झालेला नाही.

पडताळणीने फरक पडतो, याचे उदाहरण केरळ आहे. त्या राज्याने जागेवर पाहणी करून घेतली आणि त्यांचे क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३.७ चौरस किलोमीटरवर आले. ती कपात योग्य होती की राजकीय, यावर येथे पुष्कळ वाद होऊ शकेल. मुद्दा एवढाच की आकडा तपासता येतो. उलट बाजूही लक्षात असू द्या. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील गावे संवेदनशील क्षेत्रात यावीत म्हणून लोकांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. गाव वगळण्यासाठी जी माहिती लागते, तीच समाविष्ट करण्यासाठीही लागते, त्यामुळे गावात दोन गट असले तरी हा अर्ज दोघांनी मिळून करण्यास हरकत नसावी.

तुमच्यासाठी तातडीचे काम एकच आहे. ‘संकेतस्थळावर उपलब्ध’ हे उत्तर कोणत्या तारखेला हाती पडले ते पाहा. तेथून ३० दिवसांच्या आत प्रथम अपील जायला हवे. अपिलात वाद न घालता दिलेल्या दुव्यावरील कागदाची छापील प्रत जोडा आणि त्यात मागितलेली टक्केवारी कोणत्या पानावर आहे, ते दाखवण्याची विनंती करा. लिफाफा पोचपावतीच्या टपालानेच पाठवा. मूळ अर्जाचा आणि उत्तराचा मजकूर नाव, पत्ता व जावक क्रमांक झाकून येथे टाकलात, तर अपिलाचा मसुदा मी पाहून देईन.