गुमास्ता, उद्यम आणि वीजबिलावरचं नाव

प्रश्न : घणसोलीत भाड्याच्या गाळ्यात कापडी पिशव्या शिवते; हाताखाली तिघीजणी. माल सुरतेलाही जाणार आहे. एजंट ‘उद्यम’ या लघुउद्योग नोंदणीसाठी पैसे मागतो आणि जीएसटीच्या अर्जावर त्रुटीची नोटीस आली आहे. काय करू?
– एक वाचक भगिनी, नवी मुंबई

उत्तर : उद्यमसाठी छदामही देऊ नका. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार आणि पॅनवर, स्वयंघोषणेने, मोफत होते. गुमास्त्याचंही, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचंही, सोपं आहे : महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार तिघींसाठी परवाना लागत नाही, धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत नुसती ऑनलाइन सूचना द्यायची.

खरी अडचण जीएसटीची. राज्यातल्या राज्यात माल विकला तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. सुरतेला पाठवायचा म्हणून ती घ्यावीच लागेल. नोटिशीला कामकाजाच्या ७ दिवसांत पोर्टलवरच उत्तर द्या, नाहीतर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. बहुतेकदा घोळ पत्त्याच्या पुराव्यात असतो. गाळा विकला गेला तरी वीजबिल जुन्या मालकाच्या नावावर राहतं आणि भाडेकरारात नाव नव्याचं. अशा वेळी करारासोबत सध्याच्या मालकाच्या नावाची मालमत्ता कराची पावती जोडा. गाळा क्रमांकही सगळीकडे अक्षरशः सारखा हवा.

कंपनी काढणाऱ्याला फेब्रुवारी २०२० पासून ‘स्पाइस प्लस’ या एकाच अर्जात पॅन, टॅन (करकपातीचा क्रमांक), पीएफ, ईएसआय (कामगार विमा) सगळं मिळतं. एकट्या मालकीच्या धंद्याला मात्र तोच पत्ता दारोदार सिद्ध करावा लागतो. सुधारणा आधी इथे हवी.