वॉरंटी तीन वर्षांची, पण केसची मुदत दोनच वर्षांची

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत स्वतःचं मशीनशॉप चालवणाऱ्या एका वाचकांनी कळवलंय की 2024 च्या गुढीपाडव्याला, म्हणजे 9 एप्रिलला, त्यांनी साडेतेरा लाखांची नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली. जूनपासून चढाला गिअर बदलताना झटके सुरू झाले आणि तेव्हापासून वर्कशॉपच्या वाऱ्या चालूयत. आधी सॉफ्टवेअर अपडेट केलं, मग क्लच बदलला, एकदा तर आठवडाभर गाडी ठेवून घेतली आणि धुऊन पुसून परत दिली. झटके आहेत तसेच. सर्व्हिस मॅनेजर फोन उचलत नाही, उचलला तर "सर, तीन वर्षांची वॉरंटी आहे, टेन्शन कशाला घेता" एवढंच बोलतो. गाडी बदलून मिळेल का आणि तोवर ईएमआय थांबवू का, असं त्यांनी विचारलंय. अशी पत्रं कायम येतात, फक्त मॉडेल बदलतं.

कंझ्युमरला, म्हणजे ग्राहक आयोगात, केस चालते का वगैरे मी सांगत बसत नाही, चालते. तुमच्या पत्रातली एकच गोष्ट बघून मला धडकी भरली, ती म्हणजे तारीख. पहिल्या जॉबकार्डवर, म्हणजे गाडी वर्कशॉपला देताना तक्रार लिहून घेतात त्या कागदावर, 17 जून 2024 आहे, आणि आता 2026 चा मे महिना निम्मा संपलाय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 69 सांगतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करा. वॉरंटी तीन वर्षांची असो नाहीतर पाच, ही दोन वर्षं त्याने वाढत नाहीत. मॅनेजर टेन्शन घेऊ नका म्हणत राहिला आणि तुम्ही ऐकत राहिलात, तिकडे घड्याळ तुमच्या विरुद्ध चालू होतं.

आता दोन वर्षं कुठनं मोजायची यावर वाद होणारच. कंपनीचा वकील म्हणणार गाडी ताब्यात मिळाली त्या दिवसापासून, म्हणजे मुदत एप्रिलमध्येच संपली. आपण म्हणायचं, दोष पहिल्यांदा दिसला तो जूनमध्ये, डिलिव्हरीच्या दिवशी चढाला काय झटका बसतोय हे कुणाला कळणार होतं. तिसरं एक म्हणणं असं, की वॉरंटीत कंपनी दुरुस्ती करतच होती त्यामुळं कारण चालूच राहिलं. हे काही केसेसमध्ये मानलं गेलंय, पण त्याच्या भरवशावर बसू नका. 16 जूनच्या आत तक्रार दाखल झालेली पाहिजे, आणि सोबत विलंब माफीचा अर्ज आत्ताच जोडून द्या, कारण आयोगाने उद्या एप्रिलपासून मोजायचं ठरवलं तर तोच अर्ज तुम्हाला वाचवणार. त्यात प्रत्येक वेळी गाडी कधी दिली, काय आश्वासन मिळालं, हे तारीखवार लिहा. नुसतं "कामाच्या गडबडीत राहून गेलं" लिहिलंत तर कुणी ऐकून घेणार नाही.

आणि कृपा करून आता नोटिशीच्या उत्तराची वाट बघत बसू नका. नोटीस पाठवा, डीलर आणि कंपनी दोघांनाही, पण नोटिशीने मुदत थांबत नाही. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार टाकून थांबत नाही, ईमेल करून तर नाहीच नाही. तुम्ही गाडीला बॅनर लावून दसरा चौकात उभी करायचं म्हणताय, तो राग मला समजतो, पण त्याने मुदतीत काही फरक पडणार नाही, उलट अब्रूनुकसानीची नोटीस येऊ शकते.

आता जॉबकार्डबद्दल बोलू, कारण इथं तुम्ही खरंच हलगर्जीपणा केलाय. तुम्ही पाठवलेल्या फोटोंमध्ये पहिल्या कार्डवर तक्रारीच्या रकान्यात "गिअर शिफ्टिंगला जर्क" असं नीट लिहिलंय. त्याच्या पुढच्या तीन कार्डांवर काय आहे? "जनरल चेकअप". आणि खाली समाधानकारक काम झाल्याचं छापील वाक्य, त्याखाली तुमची सही! काउंटरवरचा पोरगा टाइप करतो, आपण फोनवर बोलत बोलत सही करतो, आणि आयोगापुढे तोच कागद कंपनी दाखवते की बघा, ग्राहक तर समाधानी होता. दोन कार्डं तर तुमच्याकडं नाहीतच. आजच डीलरला मेल करून गाडीच्या सगळ्या सर्व्हिस हिस्टरीची प्रत मागा, त्यांच्या सिस्टीमला ती असते. नाही दिली तर आयोगाकडून मागवून घेऊ. गाडी परत नेलीत तर "झटके" हा शब्द लिहिल्याशिवाय सही करायची नाही, आणि स्कॅनरवर एरर कोड आला तर तो पुसायच्या आधी फोटो काढायचा.

उद्यमनगरातल्या तुमच्या ओळखीच्या मिस्त्रीकडनं गिअरबॉक्स उघडून बघायचा विचार आहे म्हणालात. अजिबात नको. त्यांच्या हातात जादू असेल, मला मान्य आहे, पण बाहेर एक बोल्ट जरी फिरला तर कंपनी म्हणणार वॉरंटी गेली आणि दोषही बाहेरच झाला. गाडी आहे तशी ठेवा. कलम 38 प्रमाणे आयोग तपासणीला पाठवू शकतं, त्यासाठी तक्रारीसोबतच अर्ज द्या. आपल्याकडं आरटीओचे इन्स्पेक्टर किंवा गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकचे मेकॅनिकलचे प्राध्यापक असा कुणीतरी तज्ज्ञ सुचवता येईल, कोण नेमायचा ते आयोग ठरवेल. झटका चढाला बसतो हे अर्जात मुद्दाम लिहा, नाहीतर गाडी सपाट रस्त्यावर फिरवून सगळं ठीक असल्याचा रिपोर्ट यायचा. आणि गाडी विकू नका, तपासायला गाडीच नसेल तर पुढं अवघड होतं.

बदलून मिळेल का? मी हो म्हणत नाही. 2006 साली सुप्रीम कोर्टाने एका कारच्या केसमध्ये सांगितलं की वॉरंटीत पार्ट बदलून द्यायचं लिहिलंय तर अख्खी गाडी बदलायचा आदेश टिकणार नाही, मूळ उत्पादनातलाच दोष सिद्ध झाला तर गोष्ट वेगळी. म्हणून मागणी दोन पायऱ्यांत ठेवा, आधी नवी गाडी किंवा पूर्ण पैसे, नाहीतर अख्खं ट्रान्समिशन नवीन, त्यावर नवी वॉरंटी आणि नुकसानभरपाई. फी साडेतेरा लाखांच्या गाडीला फक्त 400 रुपये, तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही.

गाडी फर्मच्या नावावर आहे आणि घसारा घेतलाय, यावर कंपनीवाले "व्यावसायिक वापर आहे, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही" म्हणून आडवं लावतील. धंद्यात असलेल्या माणसाने स्वतःच्या वापराला घेतलेली गाडी म्हणजे व्यावसायिक वापर असं आपोआप होत नाही, तरी तुमची कागदपत्रं बघितल्याशिवाय मी पक्कं सांगणार नाही. गाडी घरची माणसं वापरतात याचा पुरावा गोळा करा.

वेळ किती लागेल ते विचारू नका. कायद्यात तीन महिने, तपासणी असेल तर पाच, असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि माणूस थकतो, याचा मला मनापासून संताप आहे. निदान समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस आणि फार तर आणखी 15, त्याच्या पुढं एक दिवसही नाही, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 ला सांगून टाकलंय. 46 व्या दिवशी म्हणणं आलं की लगेच हरकत घ्या, गप्प बसू नका.

ईएमआय मात्र थांबवायचा नाही. कर्ज बँकेचं आहे, गिअरबॉक्सशी बँकेचा काही संबंध नाही, हप्ता बाउन्स झाला की सिबिल तुमचंच बिघडणार आणि गाडी ओढून नेली तर तपासणीही बोंबलली. भरलेल्या व्याजाचा तक्ता बँकेकडून काढून घ्या आणि ते व्याज नुकसानभरपाईच्या मागणीत घाला.